'तू फक्त अभ्यास कर' म्हणण्याआधी

आई-बाबांनो,

मुलगा किंवा मुलगी शिकायला बाहेरगावी गेली, की घरात एक ठराव न मांडताच मंजूर होतो : इथलं काही तिकडे कळू द्यायचं नाही. सोयाबीन पाण्यात गेलं, आजीला दवाखान्यात ठेवलं, थोरल्याची नोकरी सुटली, मेहुण्याकडून हातउसने घेतले, हे सगळं फोनवर गाळून सांगितलं जातं. "तू फक्त अभ्यास कर, बाकीचं आम्ही बघतो." हे म्हणताना तुमचा जीव किती तुटत असतो ते मला ठाऊक आहे. तरी आज मला त्याच वाक्याबद्दल तुमच्याशी बोलायचं आहे.

मी पुण्यातल्या एका महाविद्यालयात शिकवते आणि तिथल्या समुपदेशन कक्षाचं कामही बघते. लातूर, बीड, हिंगोली, यवतमाळ, नंदुरबार अशा ठिकठिकाणांहून आलेली मुलं तिथे येऊन बसतात. झोप लागत नाही, वाचलेलं डोक्यात राहत नाही, छातीत धडधडतं, उगाच रडू येतं, अशा तक्रारी असतात. पहिल्या भेटीत सगळं बोलणं अभ्यासाचं. दुसऱ्या-तिसऱ्या भेटीत गाडी हळूहळू घराकडे वळते. आणि मग कळतं, की तुम्ही लपवलेलं बहुतेक सगळं त्यांना माहीत आहे, पण अर्धवट. चुलतभावाच्या व्हॉट्सॲप स्टेटसवर शेतात साचलेलं पाणी दिसलेलं असतं. धाकटी बहीण बोलण्याच्या ओघात काहीतरी बोलून गेलेली असते. बाजारभाव तर मोबाइलवर रोज दिसतो. मधली रिकामी जागा मुलं कल्पनेने भरतात, आणि त्या कल्पनेतलं कर्ज खऱ्या कर्जापेक्षा मोठंच असतं.

एका मुलाचं सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलले आहेत. धाराशिव जिल्ह्यातला, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असलेला. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात जी अतिवृष्टी झाली, नद्या पात्र सोडून शिवारात शिरल्या, त्यात यांचं काढणीला आलेलं सोयाबीन गेलं. वडिलांनी फोनवर सांगितलं, "थोडं नुकसान आहे, पंचनामा झालाय, तू काळजी करू नको." याने काळजी केली नाही असं दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी मेस एक वेळची करून टाकली. रात्री वडापाव, नाहीतर बिस्किटाचा पुडा. पुढे सकाळच्या जेवणाचेही खाडे टाकायला लागला, म्हणजे कार्ड महिन्याच्या पुढे दहा-बारा दिवस ओढता येतं. पोटात काही नाही म्हणून झोप नाही, झोप नाही म्हणून सकाळचं लेक्चर नाही. हजेरी कमी पडून नाव डिफॉल्टर यादीत लागलं, सबमिशन थांबलं. दोन विषय राहिले. आता त्याला रात्रंदिवस एकच वाटायला लागलं : बापाचे पैसे मी मातीत घातले.

वडिलांना बोलावून घेतलं. रात्रभर एसटीचा प्रवास करून आले होते, खिशात पासबुक होतं. मी त्यांना म्हटलं, काका, घरचा हिशेब जसा आहे तसा त्याला सांगा. ते आधी माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी पासबुकाच्या मागच्या पानावर पेनाने लिहायला सुरुवात केली. सोसायटीचं पीककर्ज एवढं, ते मार्चमध्ये नवं-जुनं करायचं. आडतवाल्याकडून उचल एवढी. दोन म्हशींच्या दुधाचे महिन्याला एवढे. पोराच्या खोलीचं भाडं आणि मेस त्या दुधाच्या पैशांतून बाजूला निघते. मुलगा बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत होता. मग म्हणाला, "एवढंच? मला वाटलं तुम्ही जमीन विकायला काढली." वडील चमकून म्हणाले, "जमीन? कोण म्हणालं तुला?"

कोणीच म्हणालं नव्हतं. तीन महिने पोरगं त्या न विकलेल्या जमिनीचं सुतक पाळत होतं.

त्या दिवसानंतर त्याचे मार्क झपकन वाढले, असं काही झालं नाही. राहिलेले दोन विषय काढायला त्याला पुढचं वर्ष लागणार आहे. पण तो दोन वेळ जेवायला लागला आणि झोपायला लागला. बाकीचं त्यावर उभं राहतं.

म्हणून माझं तुम्हाला पहिलं आणि मुख्य सांगणं हे, की परिस्थिती मुलांना सांगा. आकड्यासकट सांगा, आणि त्या आकड्याचं तुम्ही काय करणार आहात तेही सांगा. यात एक काळजी मात्र घ्या. "तुझ्यासाठी पोटाला चिमटा काढतोय आम्ही" हे वाक्य ऐकून मुलाला घरची परिस्थिती कळत नाही, फक्त अपराधी वाटतं. त्याऐवजी म्हणा, "यंदा चाळीस हजार कमी पडतायत. तिसाची सोय झालीय. दहासाठी मी मामाशी बोलणार आहे. तुझी मेस बंद होणार नाही. तू शिष्यवृत्तीचा अर्ज कुठवर आलाय तेवढं बघ." यात अडचण आहे, उपाय आहे, आणि मुलाला पेलेल एवढा वाटाही आहे. वाटा दिला की मुलं खांदा देतात. नुसता अपराध दिला तर ती आतून खचतात.

शिष्यवृत्तीचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. सरकारी वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. अल्पभूधारक शेतकरी आणि नोंदणीकृत मजुरांच्या मुलांसाठी डॉ. पंजाबराव देशमुख वसतिगृह निर्वाह भत्ता आहे. पण अर्ज भरला आणि पैसा हातात पडला, यांत बरेच महिने जातात. मुलाचं मन पोखरणारा काळ नेमका तोच. घरमालक भाडं मागतो, मेसवाले काका कार्ड संपल्याची आठवण करतात आणि पोर्टलवर अर्ज 'प्रलंबित' दिसतो. हा मधला काळ कसा काढायचा, ते जूनमध्येच घरात बसून ठरवा. 

आणि मुलाने शिकता शिकता काम करायचं ठरवलं, तर त्याची लाज बाळगू नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, ती श्रम करून शिकण्याच्या विचारावरच वाढली. आज विद्यापीठांमध्ये 'कमवा आणि शिका' योजना चालते, त्यामागे तीच परंपरा आहे. फक्त एवढं बघा, की काम त्याची झोप खात नाही ना. रात्री दोनपर्यंत पार्सलं पोहोचवून सकाळी प्रॅक्टिकलला उभं राहणारा मुलगा कष्टाळू असतो, पण फार दिवस धड राहत नाही.

पैशाइतकंच लपवलं जातं ते आजारपण आणि मृत्यू. "परीक्षा चालू होती म्हणून आजी गेल्याचं सांगितलं नाही," असं अभिमानाने सांगणारे पालक मला भेटतात. हेतू चांगला असतो. पण शेवटचा पेपर देऊन घरी आलेली मुलगी दारात शिरताच खाट रिकामी बघते, तेव्हा ती आजी गमावते आणि घरच्यांच्या शब्दावरचा भरवसाही गमावते. अशी एक मुलगी माझ्याकडे येत असे. त्यानंतर घरून 'सगळं बरं आहे' असा निरोप आला की तिच्या पोटात गोळा यायचा. आजी गेली तेव्हाही सगळं बरंच होतं ना! पेपर पुन्हा देता येतो. माणसाचं शेवटचं दर्शन पुन्हा मिळत नाही. ती निवड मुलीला करू द्या. अठरा वर्षांच्या पुढच्या माणसाला तेवढा अधिकार आहे.

मुलींच्या बाबतीत आणखी एक परिस्थिती असते, आणि ती आपणच तयार करतो. "या वर्षी झालं तर ठीक, नाहीतर स्थळं बघायला घेऊ." मुलगी एमपीएससीचा अभ्यास करत असो की एमएस्सीचा, तिच्या वेळापत्रकावर हे वाक्य टांगलेलं असतं. आठ लाखांपेक्षा कमी उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिकदृष्ट्या मागास घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शुल्क राज्य सरकारने २०२४-२५ पासून पूर्ण माफ केलं. चांगलं झालं. पण नापास होण्याच्या भीतीत बोहल्याची भीती मिसळली, तर त्या माफीचा तिला पुरेसा उपयोग होत नाही. नातेवाईक विचारतातच, मान्य. त्यांना उत्तर द्यायचं काम तुमचं, त्यांचे प्रश्न फोनवरून तिच्यापर्यंत पोहोचवू नका.

आणखी एक गोष्ट मुलं घरी कधीच सांगत नाहीत : अपमान. गावच्या शाळेत पहिला आलेला मुलगा इथे वर्गात उभा राहतो आणि त्याच्या इंग्रजीवर, हेलावर, कपड्यांवर कोणीतरी फिसकन हसतं. राखीव जागेवर आलेल्याला "तुला काय, सोपंच होतं" असं ऐकवलं जातं. घराण्यातून पहिल्यांदाच कॉलेजात पाऊल टाकलेल्या मुलाला याबद्दल विचारायला घरात कोणी जाणतं माणूस नसतं. पुढे तो कॅन्टीनला जाणं टाळतो, ग्रुपमध्ये प्रोजेक्ट टाळतो, शेवटी वर्गच टाळतो. तुम्हाला इंग्रजी येत नसलं तरी एक प्रश्न विचारता येतो : "तिथं तुझ्याशी लोक कसं वागतात?" उत्तर आलं, तर "दुर्लक्ष कर" म्हणून मोकळे होऊ नका. रॅगिंगविरोधी समिती, समान संधी कक्ष या व्यवस्था त्यासाठीच आहेत. तिथे तक्रार करताना घर पाठीशी आहे, एवढं मुलाला कळलं पाहिजे.

आता तुम्ही विचाराल, फोनवरून ओळखायचं कसं? आपले फोन साधारण असे असतात. "जेवलास?" "हो." "पैसे आहेत ना?" "आहेत." "अभ्यास?" "चालूय." "बरं, ठेवू?" या प्रश्नांची उत्तरं पाठ झालेली असतात, त्यातून काही कळणार नाही. प्रश्न बदला. "आज मेसला भाजी काय होती?" याचं उत्तर न जेवलेल्याला पटकन देता येत नाही. "कालची झोप कितीची झाली?", "रूमवर कोण कोण असतं आता?", "शेवटचं हसलास कधी रे?" असं विचारा. आणि बदल बघा. रोज फोन करणारा चार-चार दिवस करत नाही, किंवा कधी न करणारा रात्री एक वाजता करतो. सणाला घरी यायचं टाळतो. आवडीचं क्रिकेट, गाणं, मित्र सुटतात. चिडचिड वाढते, अंग सारखं दुखतं, पोट बिघडतं. असं दोन आठवडे टिकलं, तर तो आळस किंवा नाटक नाही, हे धरून चाला. माणसाला होणाऱ्या मानसिक आजारांपैकी निम्म्याहून अधिक पंचविशीच्या आत सुरू होतात. म्हणजे कॉलेजची वर्षं मुळातच नाजूक, त्यात घरचं टेन्शन.

"मी नसतो तर बरं झालं असतं", "सगळ्यांची सुटका होईल" असं बोलणं कानावर आलं, जिवापाड जपलेल्या वस्तू मित्रांना देऊन टाकल्याचं कळलं, तर एक क्षणही थांबू नका. शांतपणे, स्पष्ट विचारा : "जीव द्यावा असे विचार येतात का तुझ्या मनात?" असं विचारल्याने तो विचार नव्याने डोक्यात शिरत नाही. उलट बोलायला वाट मिळते. उत्तर 'हो' आलं तर रागावू नका, शपथा घालू नका, "आमचा विचार कर" असंही म्हणू नका. त्याला एकटं ठेवू नका. रूममेटला, वॉर्डनला फोन करा आणि पहिल्या गाडीने निघा. घरी आणलंत तर फवारणीची औषधं आणि घरातल्या गोळ्या कुलपात ठेवा. त्या टोकाच्या लाटा पुष्कळदा काही वेळाने ओसरतात. तेवढा वेळ हाताशी घातक काही नसलं आणि जवळ माणूस असलं, तर जीव वाचतो.

हे मी घाबरवण्यासाठी सांगत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालानुसार २०२२ मध्ये देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली आणि राज्यांमध्ये सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्राची होती : १,७६४. यातल्या कोणाच्याही मागे एकच एक कारण नसतं. निकाल हे निमित्त दिसतं, त्याआधी घर, पैसा, एकटेपणा, आजार असं पुष्कळ साचत आलेलं असतं. आणि ते साचत असतानाच्या काळात मदत करता येते, हीच यातली आशेची बाजू.

मदत कुठे मिळते? पहिलं ठिकाण कॉलेजच. शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत किमान एक प्रशिक्षित समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा सामाजिक कार्यकर्ता असलाच पाहिजे, असं सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलं आहे. प्रवेश घेताना आपण प्लेसमेंट विचारतो, वसतिगृहाचं पाणी विचारतो. तसंच "तुमचे समुपदेशक कोण, कधी भेटतात?" हेही विचारा. दुसरं, केंद्र सरकारची टेलि-मानस सेवा. १४४१६ हा नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीतून बोलता येतं, आणि तो पालकांनीही फिरवला तर चालतो. तिसरं, जिल्हा रुग्णालय किंवा सरकारी वैद्यकीय महाविद्यालयातला मानसोपचार विभाग. तिथे खर्च फारसा येत नाही. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या तर त्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, हे आधी समजून घ्या. बरं वाटलं म्हणून परस्पर बंद करू नका. "सवय लागेल", "लग्नात अडचण येईल" हे शेजारच्यांचं बोलणं बाजूला ठेवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने उपचारांची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क रुग्णाला दिला आहे. डॉक्टर ती गावभर सांगत नाहीत. आपणही चहाच्या बैठकीत सांगू नये.

देवधर्म, अंगारा, एखाद्या जाणत्याचा सल्ला यांनी तुमच्या मनाला धीर येत असेल तर जरूर घ्या. मात्र डॉक्टरकडे जायचं त्यासाठी थांबवू नका.

मागे फिरायची वाट उघडी आहे, हेही मुलांना आधीच माहीत असायला हवं. विषय राहून केटी लागते, वर्ष मागे पडून वायडी होतो, कोणाला एक वर्ष गॅप घ्यावी लागते, कोणाला शाखाच चुकली असं दोन वर्षांनी कळतं. तुमच्या-माझ्या ओळखीत अशी पुष्कळ माणसं आज नीट संसार आणि नोकरी करत आहेत. त्यांची नावं जेवताना निघू द्या. स्पर्धा परीक्षेच्या मुलांशी तर हे बोलणं फार गरजेचं आहे. सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहून वर्षामागून वर्ष अभ्यासिकेत जातात, जाहिरात लांबते, परीक्षेचं स्वरूप बदलतं, वय वाढतं, आणि गावी मात्र 'साहेब कधी होणार' हा प्रश्न पारावर बसलेला असतो. किती वर्षं प्रयत्न करायचा आणि त्यानंतर काय, हे सुरुवातीलाच दोघांनी मिळून ठरवा. ठरलेलं वर्ष आलं, की ते थांबणं हार ठरत नाही. ठरवल्याप्रमाणेच झालेलं असतं.

आणि तुमचं काय? बापाने मुलासमोर कधी डोळे पुसायचे नाहीत, आईने दुखणं अंगावर काढायचं, अशीच आपली रीत. तुम्ही स्वतःच्या झोपेबद्दल, काळजीबद्दल कधीच बोलत नाही, मग मुलं तरी ते कोणाकडून शिकणार? तुमचंही मन थकतं. तुम्हीही डॉक्टरकडे गेलात, तर मुलाला ते सांगा. त्याची लाज निम्मी तिथेच जाईल.

एवढं वाचलंत, तर एक काम करा. या आठवड्यात नवरा-बायको बसून घरचा खरा हिशेब एका कागदावर मांडा : काय देणं आहे, काय येणार आहे, शिक्षणासाठी किती बाजूला आहे, कोणाच्या तब्येतीचं काय चाललंय. दिवाळीपर्यंत थांबू नका. मुलाला सवडीची वेळ विचारून फोन लावा आणि तो कागद वाचून दाखवा. मग विचारा, "आता तुझ्याकडचं सांग." तो बोलायला लागला, की मध्येच उपाय सुचवू नका, त्याचं पूर्ण होऊ द्या. पहिल्या वेळी तो फारसं बोलणार नाही कदाचित. पुढच्या महिन्यात पुन्हा हिशेब मांडा, पुन्हा फोन लावा.